पंखा दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? सोलापूरच्या उन्हाळ्यातला हिशोब

एप्रिल लागला की सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात ४३-४४ अंशांपर्यंतही जातो. वर्षभर कोपऱ्यात पडलेला कूलर बाहेर निघतो, पंखे दिवसरात्र फिरू लागतात आणि नेमका त्याच दिवसांत एखाद्या पंख्याचा कंडेन्सर जातो, नाहीतर कूलरचा पंप अडकतो. दुरुस्तीवाला 'दोन दिवसांनी येतो' म्हणतो. तिकडे दुकानात नवा पंखा लगेच मिळतो, वर हप्त्याची सोयही असते. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर दोन दिवस थांबायचं तरी कसं?

हा प्रश्न फक्त पंख्याचा नाही. मिक्सर, फ्रिज, पाण्याची मोटर, मोबाइल अशा प्रत्येक वस्तूच्या बाबतीत तो कधी ना कधी समोर येतो. 'जुनं ते सोनं' किंवा 'आजकाल दुरुस्ती परवडतच नाही' ही दोन्ही उत्तरं प्रत्येक वेळी बरोबर ठरत नाहीत. कोणती वस्तू, तिचा कोणता भाग बिघडलाय आणि ती दिवसातून किती वेळ चालते, यावर उत्तर बदलतं. ते कसं काढायचं, दुरुस्ती अवघड का झाली आणि ग्राहक म्हणून तुमच्या हातात काय आहे, हे पाहू.

सोलापूरला दुरुस्ती नवी नाही

सोलापूर हे मागांचं गाव. १८७७ च्या सुमारास इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या बंद पडल्या, पण पूर्व भागातल्या यंत्रमागांवर चादरी आणि टॉवेल विणणं सुरूच राहिलं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. यंत्रमागाच्या कारखान्यात विणकराइतकाच महत्त्वाचा माणूस म्हणजे जॉबर. धोटा नीट जात नाही, पिकर झिजला, पट्टा सैल झाला की जॉबर माग उघडतो, भाग बदलतो आणि माग पुन्हा सुरू होतो. माग बंद म्हणजे मजुरी बंद. त्यामुळे माग टाकून नवा आणण्याचा विचार आधी कोणी करत नाही.

घरातही हीच रीत होती. विरलेली चादर वाकळेच्या आत जायची, जुन्या साड्यांची गोधडी व्हायची, उरलेल्या कपड्यांवर बोहारीण भांडी देऊन जायची. पितळेच्या पातेल्यांना कल्हईवाला येऊन कल्हई करायचा. भांडं तापवायचं, नवसागर टाकून पृष्ठभाग साफ करायचा आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवायचं, अशी ती पद्धत. कथिलाचा थर नसेल तर आंबट पदार्थ तांब्या-पितळेशी संयोग पावून कळकतात, म्हणून कल्हई ही गरज होती. स्टेनलेस स्टीलची भांडी आली आणि गरजच संपली. कल्हईवाला गेला तो लोक बेफिकीर झाले म्हणून नव्हे, तर भांड्याचा धातू बदलला म्हणून. आजच्या बऱ्याच दुरुस्त्यांचं असंच झालं आहे.

मग आता दुरुस्ती अवघड का झाली?

पहिलं कारण वस्तूच्या रचनेत आहे. जुन्या मिक्सरचे किंवा रेडिओचे स्क्रू उघडले की आतला प्रत्येक भाग वेगळा दिसायचा. आता अनेक वस्तू गोंदाने चिकटवलेल्या किंवा प्लॅस्टिकच्या खाचांनी बंद केलेल्या असतात. उघडताना खाच तुटली की ती पुन्हा नीट बसत नाही. पूर्वी एक छोटा भाग बदलायचा, आता अख्खं 'असेंब्ली' किंवा पूर्ण सर्किट बोर्ड बदलायला सांगतात.

दुसरं कारण पैशाचं. मोठ्या कारखान्यात लाखोंच्या संख्येने बनणारी वस्तू स्वस्त होत गेली. दुरुस्ती मात्र आजही एका माणसाने, एका वस्तूवर, हाताने केलेलं काम आहे. त्याचा अर्धा तास तितकाच लागतो. त्यामुळे ९०० रुपयांच्या इस्त्रीवर ४०० रुपये खर्च करणं माणसाला जिवावर येतं.

तिसरं कारण सुट्या भागांचं. मॉडेल दर वर्षी बदलतं, जुन्याचे भाग मिळेनासे होतात. कधी ते फक्त कंपनीच्या केंद्रातच मिळतात. मोटारींच्या बाबतीत हा मुद्दा भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत गेला होता. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता.

वस्तू मुद्दाम कमी टिकाऊ बनवल्याचं उदाहरणही इतिहासात आहे. १९२४ मध्ये जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी 'फीबस' नावाचा गट केला आणि बल्बचं आयुष्य सुमारे १,००० तासांवर आणण्याचं ठरवलं. जास्त टिकणारे बल्ब बनवणाऱ्या सभासदाला दंड होत असे. पण म्हणून आजची प्रत्येक वस्तू कटाने बनवलेली असते, असं मानणंही चूक आहे. पुष्कळदा आपण सर्वांत स्वस्त मॉडेल मागतो आणि कंपनी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार किंवा पातळ पत्रा वापरून ते देते.

चार प्रश्नांचा हिशोब

दुरुस्ती की बदल, हे ठरवण्याआधी चार प्रश्न विचारा.

१. बिघडलाय तो झिजणारा भाग आहे की गाभा? कुकरची गॅस्केट, मिक्सरचा कार्बन ब्रश, कूलरची गवताची जाळी, पंख्याचा कंडेन्सर हे भाग बदलण्यासाठीच असतात. ते गेले म्हणजे वस्तू गेली असं नव्हे. पण गीझरची टाकी गळू लागली किंवा फ्रिजचा कॉम्प्रेसर बसला, तर बिघाड गाभ्यात आहे.

२. वर्षाला किती पडतं? 'नव्याच्या निम्म्याहून कमी खर्च असेल तर दुरुस्त करा' हा नियम अनेकजण सांगतात. तो सोपा आहे, पण फसवतो. समजा, १६,००० रुपयांच्या वॉशिंग मशीनची दुरुस्ती ५,००० रुपयांत होते. निम्म्याहून कमीच आहे. पण मशीन जुनं आहे आणि दुरुस्तीनंतर जेमतेम एक वर्ष चालेल, तर ते वर्ष ५,००० रुपयांना पडलं. नवं मशीन दहा वर्षं चाललं तर वर्षाला १,६०० रुपये. उलट ३,५०० रुपयांचा मिक्सर सात वर्षं चालतो असं धरलं, तर वर्षाला ५०० रुपये पडतात. जुन्यावर ६०० रुपये घालून तो दोन वर्षं चालला तर वर्षाला ३००. इथे दुरुस्ती फायद्याची. म्हणून दुरुस्तीवाल्याला 'किती लागतील?' एवढंच न विचारता 'यानंतर किती चालेल?' हेही विचारा.

३. वीज किती खाते? हा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. त्याचं उदाहरण पुढे दिलं आहे.

४. जिवाला धोका आहे का? असेल तर पहिल्या तीन प्रश्नांना अर्थ उरत नाही. गॅसची रबरी नळी आणि रेग्युलेटर यांची घरगुती दुरुस्ती कधीही करू नका. नळीची मुदत संपली किंवा तिला भेगा दिसल्या की ती बदलायचीच. जळालेली वायर टेप गुंडाळून वापरणं, कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी भलतंच काही बसवणं, शॉक देणारा पाणी तापवायचा रॉड 'जपून' वापरणं, यांत वाचलेले पैसे फार महागात पडतात.

एकाच पंख्याची दोन उत्तरं

साधा जुना छताचा पंखा पूर्ण वेगावर सुमारे ७५ वॅट वीज घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेवढ्याच वाऱ्यासाठी साधारण ३० वॅट घेतो. फरक ४५ वॅटचा.

बैठकीच्या खोलीत पंखा दिवसाला १५ तास, वर्षातले २७० दिवस चालतो असं धरू. वर्षाला सुमारे १८२ युनिट वाचतील. युनिटला ८ रुपये धरले तर जवळपास १,४५० रुपये. नवा पंखा ३,००० रुपयांना घेतला तर साधारण दोन वर्षांत पैसे वसूल. या खोलीतल्या पंख्याची मोटर जळाली असेल, तर रिवाइंडिंगवर खर्च करण्याआधी नव्याचा विचार जरूर करा.

तोच जुना पंखा पाहुण्यांच्या खोलीत रोज चार तास चालत असेल तर? वर्षाला जेमतेम ४९ युनिट, म्हणजे सुमारे ३९० रुपये वाचतील. पैसे वसूल व्हायला साडेसात वर्षांहून थोडा जास्तच काळ लागेल. इथे पंखा दुरुस्त करणंच शहाणपणाचं.

आणि दोन्ही खोल्यांत बिघाड फक्त कंडेन्सरचा असेल, तर तो शंभर-दोनशे रुपयांत बदला आणि मग सावकाश ठरवा. पंखा हळू फिरतोय किंवा हाताने ढकलल्यावर सुरू होतोय, हे बहुतेक वेळा कंडेन्सर गेल्याचंच लक्षण असतं.

नव्या पंख्याची एक बाजू मात्र लक्षात घ्यायला हवी. बीएलडीसी पंख्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. तो गेला तर नेहमीचा रिवाइंडिंगवाला फारसं काही करू शकत नाही, कंपनीचाच बोर्ड लागतो. म्हणून घेताना वॉरंटी किती वर्षांची आणि बोर्ड सुटा मिळतो का, हे विचारा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जा कार्यक्षमता विभागाचं स्टार लेबल सक्तीचं आहे, तेही पाहा.

घरातल्या इतर वस्तू

पाण्याची मोटर: सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाणी येईल त्या दिवशी मोटर चालू नसेल तर पुढचे काही दिवस घागरी आणि टँकरवर काढावे लागतात. म्हणून मोटरची दुरुस्ती पाण्याच्या दिवसाआधी करून घ्या. आवाज येतो पण फिरत नाही, तर बेअरिंग किंवा कंडेन्सर तपासा. फिरते पण पाणी ओढत नाही, तर फूट व्हॉल्व्ह किंवा सील. पाणी नसताना मोटर चालू राहिली की आतली तार जळते. चांगल्या जुन्या मोटरचं तांब्याच्या तारेने केलेलं रिवाइंडिंग वर्षानुवर्षं चालतं. मात्र तीच मोटर पुन्हा पुन्हा जळत असेल तर दोष व्होल्टेजमध्ये किंवा वापरात आहे, तो आधी शोधा.

मिक्सर: अचानक बंद पडला तर आधी तळाशी असलेलं लाल बटण दाबून पाहा. जास्त भार आला की ते आपोआप बाहेर येतं आणि मोटर वाचवतं. शेंगदाण्याची चटणी वाटताना हे हमखास होतं. जार फिरत नसेल तर कपलर झिजलेला असतो. ठिणग्या दिसत असतील तर कार्बन ब्रश. जारखाली पाणी गळत असेल तर बुश. हे सगळे भाग स्वस्त आणि सहज मिळणारे आहेत.

गीझर: बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने कॉइलवर पांढरा थर जमतो आणि पाणी तापायला वेळ लागतो. थर काढणं, कॉइल आणि थर्मोस्टॅट बदलणं शक्य असतं. टाकीत मॅग्नेशियमची एक दांडी असते. टाकीऐवजी आधी ती गंजते. ती वेळेवर बदलली तर टाकी वाचते. टाकीच गळू लागली की नवा घ्या.

फ्रिज: दाराचं रबर, थर्मोस्टॅट, रिले या दुरुस्त्या कराव्यात. गॅस भरायचा असेल तर गळती कुठे आहे हे शोधून बंद केल्याशिवाय भरू देऊ नका, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा तेच. अनेक नव्या फ्रिजमध्ये आर-६०० ए हा गॅस असतो. तो ज्वलनशील आहे, त्यामुळे प्रशिक्षित माणसाकडूनच काम करून घ्या. फ्रिज चोवीस तास चालणारी वस्तू असल्याने पंधरा-वीस वर्षं जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर बदलण्यापेक्षा नवा घेणं बहुधा परवडतं.

मोबाइल: इथे हिशोब पंख्याच्या उलट आहे. पंखा आयुष्यभरात जी वीज खातो ती तो बनवायला लागलेल्या ऊर्जेपेक्षा खूप जास्त असते. मोबाइलचा पर्यावरणावरचा बहुतांश भार तो बनतानाच पडलेला असतो, चार्जिंगची वीज किरकोळ असते. म्हणून बॅटरी किंवा पडदा बदलून फोन आणखी दोन-तीन वर्षं वापरणं खिशाला आणि निसर्गाला दोन्हीकडे सोयीचं. फक्त त्याला सुरक्षेचे अपडेट मिळतात की नाही हे पाहा. बॅटरी फुगलेली दिसली तर फोन चार्जिंगला लावू नका, टोचू नका, लगेच बदलून घ्या.

हप्त्याचा मोह

विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या किंवा रोजंदारीवर चालणाऱ्या घरात १२,००० रुपये एकदम काढणं कठीण असतं. महिना हजार रुपये मात्र जमतील असं वाटतं. म्हणून बदलण्याचा निर्णय अनेकदा हप्ता घेतो, आपण नाही. 'शून्य टक्के व्याज' लिहिलेलं असलं तरी प्रोसेसिंग शुल्क किंवा रोखीवर मिळणारी, पण हप्त्यावर न मिळणारी सूट यांत तो खर्च लपलेला असू शकतो. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात नसतेच, असं रिझर्व्ह बँकेनेही २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं. दुकानात दोनच आकडे विचारा: रोखीने शेवटची किंमत किती, आणि हप्त्यांची सगळी रक्कम मिळून किती? दोन्हींतला फरक म्हणजे तुमचं व्याज.

कायदा काय सांगतो?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही चार क्षेत्रं तिच्यासमोर होती. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू झालं. कंपन्यांनी तिथे दुरुस्तीची माहिती, सेवाकेंद्रं आणि वॉरंटीच्या अटी द्याव्यात अशी ही योजना आहे. वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे हे सांगणारा निर्देशांक मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी कसा असावा, याबाबतच्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. फ्रान्समध्ये असा निर्देशांक जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर छापला जातो. तिथल्या ग्राहकाला किमतीशेजारीच दहापैकी गुण दिसतात.

तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्याने प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. ५ लाख रुपयांपर्यंतच्या वस्तू-सेवेसाठी तक्रारीचं शुल्क नाही आणि तक्रार साधारणपणे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्यासाठी बिल, वॉरंटी कार्ड आणि सेवाकेंद्राची जॉबशीट जपून ठेवा. छपाई पुसट होणाऱ्या बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवलेला बरा.

टाकायचीच वेळ आली तर

संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला फक्त २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. बाकीचा बराचसा भंगारात जातो. भंगारवाला लोखंड, तांबं, प्लॅस्टिक वेगळं करून मोठं काम करतो. पण तांब्यासाठी वायर जाळली की विषारी धूर होतो आणि बोर्डवरचे धातू काढायला ॲसिड वापरलं की ते जमिनीत आणि गटारात जातं.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार आपण विकलेल्या वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून जुनी वस्तू देताना कंपनीच्या सेवाकेंद्राकडे ई-कचरा घेता का, असं विचारा. इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी तर दुकानदार पैसे देऊन परत घेतो, ती भंगारात फोडू देऊ नका. फोन देताना आतली माहिती पुसून टाका.

दुरुस्ती नीट कशी करून घ्यायची?

वस्तू देण्याआधी लक्षण नेमकं सांगा: कधी बंद पडते, आवाज कसा येतो, वास येतो का. 'चालत नाही' एवढंच सांगितलं की अंदाजावर काम होतं. उघडून पाहण्याचे वेगळे पैसे आहेत का, ते आधीच ठरवा. खर्च वाढणार असेल तर फोन करायला सांगा. बदललेला जुना भाग परत मागा. नवा भाग मूळ कंपनीचा की दुसरा, हे चिठ्ठीवर लिहून घ्या आणि किती दिवसांची हमी तेही. आणि शक्य असेल तर कूलर मार्चमध्ये तपासून घ्या. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दुरुस्तीवाल्याकडे रांग असते, तेव्हा नवीन घेण्याचा निर्णय घाईने होतो.

अॅमस्टरडॅममध्ये २००९ साली 'रिपेअर कॅफे' सुरू झाले. तिथे जाणकार लोक शेजाऱ्यांना त्यांच्याच वस्तू दुरुस्त करायला शिकवतात. बंगळूरमध्येही २०१५ पासून असा उपक्रम चालतो. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारे कारागीर पेठांमधल्या आठ बाय दहाच्या दुकानांतून हे काम पोटासाठी करत आले आहेत. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि रेफ्रिजरेशनचे अभ्यासक्रम आहेत, पण शिकून बाहेर पडलेला मुलगा असं दुकान तेव्हाच चालवेल, जेव्हा त्याच्या अर्ध्या तासाचे आपण घासाघीस न करता पैसे देऊ. तो नसेल तर वर सांगितलेल्या सगळ्या हिशोबाचा उपयोग नाही. कंडेन्सर शंभर रुपयांचाच असेल, पण तो बसवायला कोणी मिळणार नाही आणि आपल्याला पंखाच नवा घ्यावा लागेल.